द्वादशीची ओहोटी

तमाम मराठी जनतेस, विशेषतः कोकणातून विलायतेत येऊन स्थायिक झालेल्या आणि समुद्रातलं आपल्याला सगळं कळतं असं मानणाऱ्या मंडळींस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आपली तिथी चालत नाही. चंद्र तोच आहे, याची मी जातीने खात्री करून घेतली आहे. परंतु तिथलं पाणी आपलं ऐकत नाही. सदर निवेदन जनहितार्थ प्रसिद्ध करण्यात येत असून त्यापायी एक निळी, चांगली चालणारी, नुकतीच सर्व्हिसिंग केलेली मोटार खर्ची पडली आहे, याची नोंद घ्यावी.

निवेदन संपलं. आता बसा, सांगते.

मी पिनरला राहते, हॅरोच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि माझा जन्म खाडीच्या तोंडावरच्या एका गावात झाला. यातली तिसरी गोष्ट मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगते. नवरा नागपूरचा. डॉक्टर आहे, ऑपरेशनआधी भूल देतो. दिवसभर परक्या माणसांना निर्धास्त झोपवणारा हा गृहस्थ स्वतः मात्र बाथटबमध्येसुद्धा नळाकडे तोंड करून बसतो. पाण्याला पाठ दाखवायची नाही, असं त्याचं तत्त्व आहे.

मुलं आपापल्या वाटेला लागली आणि मला एका घराने झपाटलं. एका जाहिरातीत पाहिलं होतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक मोठं बेट, त्या बेटाला चिकटून एक छोटं बेट, आणि त्या छोट्या बेटावर अकरा घरांचं गाव. दोन बेटांच्या मध्ये पूल नाही. मैलभर रुंद वाळू आहे. ओहोटीला ती उघडी पडते आणि तिच्यावरून गाडी जाते, भरतीला ती समुद्र असते. घर पांढरं, दगडी भिंती हातभर जाड, खिडक्या एवढ्याशा. मागे अर्धा एकर जमीन. घराबरोबर दोन हक्क येतात. एक, गावाच्या दलदलीतून पीट कापायचा. पीट म्हणजे वर्षानुवर्षं कुजलेल्या गवताची काळी माती. तिच्या विटा पाडून वाळवतात आणि शेगडीत जाळतात. दुसरा हक्क, गावाच्या सामायिक कुरणात सहा मेंढ्या चारायचा. सहा मेंढ्या! पिनरमध्ये मला घरासमोर माझीच गाडी उभी करायला कौन्सिलचं परमिट लागतं.

“बघून येऊ,” नवरा म्हणाला. “बघायला काय जातं?”

हे वाक्य त्याला मी आजही अधूनमधून ऐकवते.

घराची मालकीण त्र्याऐंशी वर्षांची विधवा. घर विकणाऱ्या एजंटने फोनवर जरा चाचरतच सांगितलं, की बाईंची एक अट आहे. घर बघायला येणाऱ्याने आपलं आपण वाळूवरून यायचं. कधी निघायचं ते स्वतः ठरवायचं. तिला फोन करून विचारायचं नाही. ज्यांना ते जमेल त्यांनाच घर. याआधी दोन गिऱ्हाइकं आली होती. एकाने फोन करून विचारलं, “आज सेफ आहे का?” त्याला तिने फोनवरच नाही सांगितलं. दुसरा भाड्याची बोट घेऊन आला. त्याला तिने चहा दिला आणि परत पाठवला.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून टाळी वाजवली. घर माझं झालं होतं! कारण भरती-ओहोटी सांगायला मला कुणाचीही गरज नव्हती.

आमच्या किनाऱ्यावर पोराटोरांना येतो असा एक हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. माझे वडील सकाळी दात घासताना तिथी विचारायचे आणि चूळ भरायच्या आत वेळ सांगायचे. होड्या त्यावर सुटायच्या, पलीकडे नेणाऱ्या नावा त्यावर लागायच्या, आणि मी त्यावर शिंपल्या काढायला जायचे. हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. मी तर गणिताची बाई. मला पाऊणकी झोपेतही येते.

आम्ही पिनरहून दोन दिवस गाडी चालवत गेलो, मग बोटीवर गाडी चढवून मोठ्या बेटावर. बोटीत तीन तास नवरा लाइफ जॅकेट ठेवलेल्या पेटीवर बसून होता. एक बाई म्हणाली, तिकडे खुर्च्या आहेत. तो म्हणाला, “आय ॲम व्हेरी कम्फर्टेबल हिअर.”

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या बेटावर रविवार पाळतात. दुकान बंद, पंप बंद, रस्त्यावर माणूस नाही. दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही वाळूच्या कडेला पोचलो. डांबरी रस्ता सरळ उतरत जाऊन वाळूत बुडत होता. पुढे ओळीने लाकडी खांब रोवलेले, त्यांच्या बाजूबाजूने जायचं. मैलभर पलीकडे अकरा ठिपके दिसत होते. त्यातला एक माझा. आणि रस्त्याच्या कडेला, काचेच्या दाराआड, छापील कागद लावलेला एक बोर्ड होता.

“अगं, तो बोर्ड वाचू,” नवरा म्हणाला.

“ते टुरिस्ट लोकांसाठी असतं.”

“मग आपण कोण आहोत?”

“आज द्वादशी,” मी म्हणाले. “बारा पाऊण नऊ. सकाळी नऊला भरती, तीनला पूर्ण ओहोटी. आपण तासभर आधीच निघतोय, म्हणजे पाणी अजून ओसरतच असणार. याच्याहून सेफ काय असतं?”

“उतरून दोन मिनिटं वाचायला काय हरकत आहे?”

“तुझा बायकोवर विश्वास आहे की कागदावर?”

तेहतीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाला कुठल्याही नवऱ्याने खरं उत्तर दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी गाडी वाळूवर घातली.

पहिला अर्धा मैल सुरेख गेला. वाळू घट्ट, ओलसर, टायरखाली भाकरीसारखी दबणारी. मी गाणं म्हणत होते. नवरा खांब मोजत होता. विसाव्या खांबाशी डावीकडे एक पाण्याची पट्टी दिसली, हातभर रुंद, आणि तिच्यावर फेसाची बारीक रेघ.

“पाणी,” तो म्हणाला.

“ओसरतंय ते. शेवटचं पाणी.”

“ते आपल्याकडे येतंय.”

“तुला तसं वाटतं.”

मी त्याच्याकडे पाहून हसले आणि परत समोर पाहिलं, तर पट्टी दोन हात रुंद झाली होती.

इथे मी प्रामाणिकपणे सांगते, मला तेव्हाच कळलं. फेसाची रेघ पाण्याच्या पुढच्या कडेला होती. ओसरणारं पाणी फेस मागे टाकत जातं. चढणारं पाणी फेस पुढे ढकलत आणतं. सात वर्षांची असल्यापासून मला हे माहीत आहे. पण तोंड आपलं बोलतच होतं. “बघ हं, आता ओसरेल,” असं मी दोनदा म्हणाले.

“अहो,” मी म्हणाले, “मागे बघता का जरा?”

मी त्याला एरवी ‘अरे’ म्हणते. ‘अहो’ ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. त्याने मागे पाहिलं.

“रस्ता नाहीये,” तो म्हणाला.

ते पाणी समोरून लाटा घेऊन आलंच नाही. तसं आलं असतं तर निदान दिसलं असतं. ते मागून आलं, बाजूने आलं, वाळूतल्या प्रत्येक खळग्यातून वर आलं, अजिबात आवाज न करता. आम्ही गाडीएवढ्या कोरड्या जागेवर होतो आणि ती जागा लहान होत होती. मी ॲक्सिलरेटर दाबला. पन्नास-साठ फूट गेलो असू. मग स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काहीच नसल्यासारखं. चाकं तरंगायला लागली होती. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. दाराच्या फटीतून पाण्याची एक पातळ जीभ आत आली आणि माझ्या बुटाला लागली.

“उतर,” नवरा म्हणाला.

“पण गाडी...”

“काहून बसून राहिली? उतर ना!”

पुढे शंभरेक पावलांवर, चार उंच लाकडी पायांवर उभी केलेली एक खोली होती. वर जायला शिडी. अडकलेल्या माणसांसाठी बांधलेली. ती दुरून पाहून मी पंधरा मिनिटांपूर्वीच म्हणाले होते, “कोण मूर्ख लोक लागतात बाई असल्या जागी!”

मी दार उघडलं. पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि इतकं गार, की ते आधी गार लागलंच नाही, चावल्यासारखं लागलं. मागच्या सीटवर स्टीलचा डबा होता, बेसनाच्या लाडवांचा. कुणाकडे पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? पाकिटं राहिली, कोट राहिले, फोन राहिला, आणि तो डबा मी डोक्यावर धरला. का, ते विचारू नका. हातांनी ठरवलं.

नवऱ्याला पोहता येत नाही. त्याने माझ्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि आम्ही निघालो. मी पावलं मोजत होते. मोजणं थांबलं की रडू येईल हे मला ठाऊक होतं. दर पावलाला वाळू पायाखालून थोडी सरकायची. पाणी उजवीकडून डावीकडे ओढत होतं, फार जोरात नाही, पण सतत. मला उत्तम पोहता येतं आणि त्या दिवशी तेच माझं दुर्दैव होतं. नवरा नुसताच घाबरला होता. मला मात्र नेमकं माहीत होतं, की पाणी मांडीपर्यंत आलं की माणूस चालू शकतो, कमरेपर्यंत आलं की पाय टेकवून ठेवावे लागतात, आणि त्याच्यावर आलं की पाय टेकत नाहीत. चाळिसाव्या पावलाला ते मांडीवर होतं. साठाव्याला कमरेला लागलं.

“पाणी वाढून राहिलं गं,” मागून तो म्हणाला. अगदी हळू, दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतात तसं.

“बोलू नकोस. पट्टा सोडू नकोस.”

“सोडत नाही.”

एकदा त्याचा पाय घसरला. पट्ट्याला हिसका बसला, मी मागे ओढले गेले आणि क्षणभर माझे दोन्ही पाय सुटले. पायाखाली काहीही नव्हतं. मी ओरडले नाही. ओरडायला छातीत हवा असावी लागते. मग एका टाचेला वाळू लागली. मी ती टाच रोवली, इतकी, की आठवडाभर ती दुखत होती. शिडीची पहिली पायरी हाताला लागली तेव्हा बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून मी ती कोपराने कवटाळली आणि नवऱ्याला आधी वर ढकललं.

आत एक बाक, दोन घोंगड्या, आणि जमिनीला फळ्या. फळ्यांमध्ये फटी, आणि फटींतून खाली पाणी दिसत होतं. आम्ही दोघं दात वाजवत त्या फटींकडे बघत बसलो. मग उघड्या दारातून दिसलं, आमची गाडी हळूच उचलली गेली, स्वतःभोवती अर्धी फिरली, आणि दिवे लावून, वायपर हलवत, निरोप घेतल्यासारखी दूर गेली. वायपर कुणी लावले देव जाणे.

“इथपर्यंत येत असेल का पाणी?” नवऱ्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“हे तू तिथीवरून सांगतेस का?”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. भिंतीवर पाण्याच्या जुन्या खुणा आहेत का ते मी डोळ्यांनी शोधत होते, आणि त्याला ते दिसू नये म्हणून घोंगडी नीट करत होते. फळीखाली पाणी पायांच्या लाकडावर आपटायला लागलं, तसा खोलीला थरकाप सुटायचा. मी डबा उघडला. आम्ही लाडू खाल्ले. मी चार, त्याने पाच. भीतीने इतकी भूक लागते हे मला माहीत नव्हतं. आणि खाताखाता मला एवढंच दिसत होतं, की पलीकडचा तो पांढरा ठिपका गेला. म्हातारीची एकच अट होती आणि मी तीच मोडली. त्याची लाज वाटली; आणि जीव वाचायचा असताना घराचा विचार सुचतोय याची त्याहून जास्त वाटली.

तासाभराने मोटरबोट आली. सुकाणूवर लालबुंद चेहऱ्याचा एक मेंढपाळ, आणि पुढे टोकाला, पिवळ्या रेनकोटात, ताठ बसलेली एक म्हातारी. तिने दुर्बिणीतून सगळं पाहिलं होतं.

“डोक्यावर काय धरलं होतं?” हे तिचं पहिलं वाक्य. “मला वाटलं, तान्हं मूल.”

मी रिकामा डबा दाखवला. तिने तो बघितला, मला बघितलं, आणि हात पुढे केला.

तिच्या स्वयंपाकघरात पीटची शेगडी होती. जळत्या मातीचा तो वास मला कधी विसरता येणार नाही. नवऱ्याला तिने आपल्या गेलेल्या नवऱ्याचा स्वेटर घातला. तो त्याच्या गुडघ्यापर्यंत येत होता. मला तिचाच झगा. मग ती समोर बसली.

“निघायची वेळ कुणी ठरवली?”

मी खोटं बोलू शकले असते. रंगवून सांगण्यात माझा हात धरणारं हॅरोत कुणी नाही. पण माझे पाय अजून थरथरत होते, आणि थरथरत्या पायांनी खोटं बोलता येत नाही. “मी ठरवली,” मी म्हणाले, आणि तिला तिथी, पाऊणपट, वडील, द्वादशी, सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. भिंतीवरचा भरती-ओहोटीच्या वेळांचा छापील कागद काढून तिने बोट ठेवलं.

“ओहोटी आज सकाळी साडेदहाला होती,” ती म्हणाली. “तुमचे वडील बरोबर होते. त्यांच्या किनाऱ्यावर. चंद्र सगळीकडे एकच, पण पाणी प्रत्येक ठिकाणी आपल्या सवडीने पोचतं. मला आगबोटीच्या कॅप्टनसारखी माणसं नको होती हो. माझी परीक्षा एवढीच होती, की माणूस खाली उतरून बोर्ड वाचतो का.”

मेंढपाळ दारात उभा होता, त्याने नजर दुसरीकडे वळवली. मी खाली बघितलं. संपलं होतं.

मग ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणालो, बोर्ड वाचू.”

“एकदा?”

“दोनदा. मग पाणी आपल्याकडे येतंय म्हणालो. मग रस्ता नाही म्हणालो. मग उतर म्हणालो.”

“त्या खोलीकडे जायचं कुणी ठरवलं?”

“तिने. मी पट्टा धरला होता.”

“सोडला नाही?”

“सोडायचं कशाला?” तो म्हणाला. “मला पोहता येत नाही.”

म्हातारीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मेंढपाळाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग ती उठून नवऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याच्याशी हात मिळवायला तिने आपला हात पुढे केला.

“घर मी तुम्हाला विकते,” ती म्हणाली. “तुमच्या एकट्याच्या नावावर. कागदावर हिचं नाव घालायचं नाही, आणि वाळूवर हिने गाडी चालवायची नाही. ज्याला या पाण्याची भीती वाटते तोच इथे म्हातारा होतो.”

मला उडी मारावीशी वाटली, पण झगा लांब होता. नवरा त्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिला. खिडकीतून त्याने बाहेर पाहिलं. आम्ही ज्याच्यावरून गाडी आणली होती तिथे आता क्षितिजापर्यंत करडं पाणी होतं आणि त्यावर एका सील प्राण्याचं डोकं. त्याने परत तिच्याकडे पाहिलं आणि तो एकदम, मोठ्याने, थेट नागपुरात पोचून बोलला. म्हातारीला एक अक्षर कळलं नाही. तिने माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हणतायत? आणि मी, देव मला क्षमा करो, म्हणाले, की फार उपकार झाले असं म्हणतायत. प्रत्यक्षात तो म्हणाला होता:

“अवं, पण मले हे घर पाह्यजेच नाही ना!”